बिडी सुटली, गोळी तीच राहिली: नाशिकमधलं थिओफिलिनचं एक प्रकरण

रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं महत्त्व क्रमालाच आहे.

पार्श्वभूमी

आबा सिन्नर तालुक्यातले. वय साठीच्या पुढे, थोडी कोरडवाहू शेती, तरुणपणापासून दमा. बिडी त्याहून जुनी. सिन्नर म्हणजे बिड्यांचं गाव, अनेक घरांत बायका बिड्या वळायच्या, त्यामुळे पोरवयातच बिडी हाताला लागणं यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आबांना दिवसाला एक बंडल लागायचं.

दम्यासाठी त्यांचं औषध एकच: रात्री जेवणानंतर थिओफिलिनची ४०० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी. जास्तच दम लागला तर सालब्युटामॉलची छोटी गोळी. पंप कधीच नाही. 'पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय' ही समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की शिकलेले लोकही पंप खिशात लपवून ठेवतात. थिओफिलिनची गोळी कोणीतरी फार वर्षांपूर्वी लिहून दिलेली. तेव्हापासून जुनी पट्टी दाखवायची आणि मेडिकलमधून नवी घ्यायची. मात्रा बरोबर आहे का, हे मधल्या काळात कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहण्याची गरजही कोणाला भासली नाही, कारण गोळी लागू पडत होती आणि त्रास काही नव्हता.

थिओफिलिन हा कॅफिनचा जवळचा भाऊबंद. स्वस्त, जुनं, श्वासनलिका सैल करणारं औषध. अडचण अशी की लागू पडणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. रक्तात मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची जुनी मान्य पातळी, हल्ली ५ ते १५ वरच समाधान मानतात. २० च्या वर गेलं की मळमळ, हात थरथरणं, धडधड, झोप उडणं सुरू होतं. आणखी वर गेलं तर हृदयाची लय बिघडते, फिटचे झटके येतात. झटका येण्याआधी उलटी किंवा धडधड होईलच याची खात्री नसते, आणि मला या औषधाची धास्ती वाटते ती त्यामुळेच.

ते शरीराबाहेर जातं मुख्यतः यकृतातून. तिथलं 'सीवायपी१ए२' नावाचं एन्झाइम त्याचं विघटन करतं. सिन्नरहून नाशिकला येताना शिंद्याचा टोल नाका लागतो, तसंच हे समजा. गाड्या रोज तेवढ्याच, पण रांग किती लांब होणार हे किती खिडक्या उघड्या आहेत त्यावर ठरतं. बिडीच्या धुरातली काही संयुगं जादा खिडक्या उघडतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. म्हणून बिडी ओढणाऱ्याला थिओफिलिन जास्त लागतं. आबांची ४०० ची गोळी त्यांना मानवत होती ती बिडीसकट.

घटना कशा घडत गेल्या

पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आबा त्या वर्षी गावच्या दिंडीबरोबर चालत गेले, माळ घातली आणि बिडी सोडली. एकदम, कायमची. घरच्यांना केवढा आनंद झाला असेल ते वेगळं सांगायला नको.

बिडी सुटल्यावर खोकला वाढला. हे अनेकांचं होतं. त्यात थंडी. घरात काढा सुरू झाला: सुंठ, मिरी, पिंपळी, जेष्ठमध, तुळस. शिवाय जावेने सांगितलं म्हणून माई, म्हणजे आबांच्या पत्नी, त्यांना त्रिकटू चूर्ण (सुंठ, मिरी, पिंपळी समभाग) चहाचा चमचाभर, सकाळ-संध्याकाळ मधातून चाटवू लागल्या.

पहिल्या आठ-दहा दिवसांतच आबांची झोप कमी झाली. चिडचिड वाढली, हातपाय अस्वस्थ. सगळ्यांनी म्हटलं, तलफ आहे, जाईल. हे स्पष्टीकरण अगदी पटण्यासारखं होतं, आणि काही अंशी खरंही असेल. पण बिडी सुटल्याची बेचैनी आणि थिओफिलिन चढल्याची बेचैनी बाहेरून सारखीच दिसते.

पंधरा दिवसांनी एका तेराव्याचं जेवण झालं आणि आबांना जुलाब लागले. मुलाने मेडिकलमधून 'जुलाबाच्या गोळ्या' आणल्या, सकाळी एक, रात्री एक. दोन दिवसांत जुलाब थांबले, तरी 'कोर्स पुरा करा' म्हणून गोळ्या चालू राहिल्या. तिसऱ्या दिवसापासून उलट्या. चौथ्या दिवशी हात इतके थरथरू लागले की चहा बशीत सांडायचा. छाती धडधडतेय म्हणून आबांनी स्वतःच ठरवलं की दमा वाढलाय आणि सालब्युटामॉलच्या जादा गोळ्या घेतल्या. त्या रात्री मुलगा त्यांना घेऊन नाशिकला आमच्या रुग्णालयात आला.

अडचण

नाडी मिनिटाला १२८, मधूनच चुकणारी. ऑक्सिजन ९४. छातीत थोडी शिट्टी, पण नाडीचा वेग समजावून देईल इतकी नाही. आबा पूर्ण वाक्यं बोलत होते. जबर दम्याच्या झटक्यात माणसाला दोन शब्दांपुढे जाता येत नाही. ईसीजीत हृदयाच्या वरच्या कप्प्यातून सुटणारे जादा ठोके. पोटॅशियम ३.०, साखर १८०, आणि मधुमेहाचा इतिहास नाही.

वाटेत एका दवाखान्यात त्यांना नेब्युलायझर दिला होता आणि 'डेरीफायलिन-डेका' द्यायची तयारी झाली होती. दम लागलेल्या माणसाला हे इंजेक्शन आपल्याकडे इतक्या सहज दिलं जातं की त्यात एटोफायलिनबरोबर थिओफिलिनच आहे याचा हात चालताना विसर पडतो. शीर सापडेना म्हणून ते राहिलं. आबांचं नशीब त्या रात्री त्यांच्या आखडलेल्या शिरांत होतं.

'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला मुलाने उत्तर दिलं: 'दम्याची एक, अन् जुलाबाची.' जुलाबाची पट्टी मागितली. ती अशी कापलेली होती की नावाचा पहिला भाग दुकानातच राहिलेला. मागच्या चंदेरी कागदावर 'टिनिडॅझोल' एवढंच वाचता येत होतं, आणि त्याच्या आधी एक बेरजेची खूण. बेरजेच्या अलीकडे काय, हेच तर हवं होतं. जुलाबाच्या जोडगोळ्यांत टिनिडॅझोलबरोबर बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन असतं. मुलाने दुकानदाराला झोपेतून उठवून फोनवर विचारलं. सिप्रोच होतं, ५०० मिलिग्रॅम. थिओफिलिनच्या खिडक्या बंद करणारं.

माझ्या सहकारी डॉक्टरांनी मग माईंना वेगळा प्रश्न विचारला: 'माई, गेल्या महिन्याभरात आबांचं काय काय बदललं? खाणं, पिणं, सवयी, काहीही.' तेव्हा माळ निघाली, बिडी निघाली, आणि पिशवीतून स्टीलची डबी निघाली. 'हे व्हय? हे काय औषध हाय का डॉक्टर, घरातलंच हाय.' डबीचं झाकण उघडताच पिंपळीचा वास आला.

काय पर्याय होते

पहिला पर्याय, दम्याचा झटका समजून उपचार: पुन्हा नेब्युलायझर, स्टेरॉइड, ते इंजेक्शन. जुना दमेकरी, थंडीचे दिवस, छातीत शिट्टी. रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाचं मन याच वाटेने जातं.

दुसरा, पोटाचा विकार धरून सलाईन लावायचं, उलटीचं इंजेक्शन द्यायचं, सिप्रो शिरेतून चालू ठेवायचं. जुलाबाचा इतिहास समोर होता, पोटॅशियमही त्यात बसत होतं. पण जुलाब थांबल्यानंतर उलट्या सुरू झाल्या होत्या. आणि साखर का वाढली, हात का थरथरतात, याला त्यात उत्तर नव्हतं.

तिसरा, थिओफिलिन चढलंय असं मानून चालणं. उलट्या, थरथर, जलद आणि अनियमित नाडी, घसरलेलं पोटॅशियम, वाढलेली साखर, सगळं एकाच धाग्यात येत होतं. खात्रीसाठी रक्तातली पातळी हवी होती, पण ती तपासणी आमच्याकडे होत नाही. नमुना मुंबईला जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे निर्णय अहवालाशिवायच घ्यायचा होता.

आम्ही तिसरा घेतला. माझ्या मते त्या परिस्थितीत हाच सगळ्यात सुरक्षित होता: अंदाज चुकला असता तर एक रात्र थिओफिलिन चुकलं असतं, एवढंच नुकसान. पहिला पर्याय चुकला असता तर माणूस गेला असता.

एक उपप्रश्न होता तो डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच हलवण्याचा. फिटचे झटके आले, लय आटोक्यात राहिली नाही किंवा पातळी फारच वर निघाली, तर डायलिसिस हाच उपाय. आबा शुद्धीवर होते, रक्तदाब स्थिर होता. आम्ही त्या रुग्णालयाला फोन करून ठेवला आणि मॉनिटर लावून इथेच ठेवलं.

काय केलं

थिओफिलिन, सिप्रो आणि सालब्युटामॉलच्या गोळ्या बंद केल्या. चूर्ण आणि काढाही. जुलाब थांबलेले होते, ताप नव्हता, तेव्हा दुसरं अँटिबायोटिक लागतच नव्हतं. खरं तर पहिलंही लागलं नसतं. बहुतेक साध्या जुलाबांना ओआरएस पुरतं.

शिरेतून पोटॅशियम, ईसीजीवर लक्ष ठेवून. उलटीसाठी ओंडानसेट्रॉन, पण हात राखून, कारण पोटॅशियम कमी असताना तेही हृदयाच्या लयीला छेडतं.

मग कोळशाची पूड, म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल, पाण्यात कालवून काही तासांनी पुन्हा पुन्हा. नातेवाइकांना हे विचित्र वाटतं: गोळी घेऊन तर कितीतरी तास झाले, आता पोटात काय राहिलंय? दोन कारणं आहेत. हळू विरघळणारी गोळी आतड्यात बराच काळ रेंगाळते. आणि रक्तातलं थिओफिलिन आतड्याच्या भिंतीतून पुन्हा आत झिरपत राहतं, तिथे कोळसा ते धरून ठेवतो. माईंनी ती काळी पेज पाहिली आणि स्वतःच वाटी हातात घेतली. 'आबा, डोळे मिटा अन् घ्या,' म्हणत त्यांनी एकेक चमचा भरवला. नर्सला जे जमलं नसतं ते त्यांना जमलं.

नाडी उतरवायला प्रोप्रॅनोलॉल द्यायचं का, यावर चर्चा झाली. विषबाधेच्या पुस्तकात त्याचं नाव येतं, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जातात. दिलं नाही. फिटचा झटका आलाच तर तो थांबवायला बेंझोडायझेपीन तयार ठेवलं. नेहमीचं फेनिटॉइन या झटक्यांवर चालत नाही, हे रात्रपाळीच्या नर्सला मुद्दाम लिहून दिलं.

निष्पत्ती

पहाटेपर्यंत उलट्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नाडी शंभराच्या खाली आली. संध्याकाळी अहवाल आला: २९.

आकडा कुठून आला असेल, याचं ढोबळ गणित मांडता येतं. धूम्रपान थांबल्यावर आठवड्याभरात थिओफिलिन बाहेर टाकण्याचा वेग एक तृतीयांशाहून जास्त घटू शकतो. सिप्रो तो सरासरी आणखी तीसेक टक्के घटवतं, वयस्कांत कधी त्याहून पुष्कळ जास्त. आबांची मूळ पातळी १२ धरली, तर बिडी सुटल्यावर ती १९ च्या आसपास जाते, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. झोप उडाली होती ती तेव्हाच. त्यावर सिप्रो आलं की आकडा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जातो.

मग चूर्णाचं काय? इथे मला न्यायाने बोलायचं आहे, कारण घरात सगळा दोष माई आणि त्यांच्या जावेवर येऊन पडला होता. मिरी आणि पिंपळीतलं पिपेरिन औषधांचं विघटन मंदावतं. जम्मूच्या संशोधकांनी १९९१ मध्ये निरोगी माणसांना रोज २० मिलिग्रॅम पिपेरिन सात दिवस दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात थिओफिलिनची पातळी जास्त आढळली. त्रिकटूचे रोजचे दोन चमचे म्हणजे साधारण सहा ग्रॅम, त्यात मिरी दोन ग्रॅम. मिऱ्यात पाच टक्के पिपेरिन धरलं तरी नुसत्या मिऱ्यातून शंभर मिलिग्रॅम होतं. मात्र तो अभ्यास लहान होता, माणसं निरोगी होती, आणि शुद्ध पिपेरिन व घरचं चूर्ण सारख्याच प्रमाणात शोषलं जाईल असं नाही. तेव्हा चूर्णाने हातभार लावला असणं शक्य आहे, पण मुख्य कारण ते नव्हे. हे मी मुलाला आणि सुनेला माईंसमोर बसवून सांगितलं. काढ्यातलं जेष्ठमध जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरवतं, त्याचाही थोडा वाटा असेल. जुलाब आणि सालब्युटामॉल तर त्यात होतेच.

खरी वाटाघाट पुढे होती: आता दम्याला काय द्यायचं. कमी मात्रेत थिओफिलिन चालू ठेवता आलं असतं. त्याच कुळातलं डॉक्सोफिलिन देता आलं असतं, त्याला असले गुंते कमी. पण दम्याच्या आजच्या उपचारांत नियमित औषध म्हणून जागा आहे ती श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडची. आम्ही बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप स्पेसरसह (पंपाला जोडायची पोकळ नळी) सुरू करायचं सुचवलं. आबा नाही म्हणाले. सवय लागते. मी विचारलं, 'आबा, रात्रीची गोळी किती वर्षं घेताय?' ते गप्प बसले. मग माईच म्हणाल्या, 'पंप सुटंल न सुटंल, पण ह्यो त्रास पुन्हा नको.' घरी जाण्याआधी स्पेसर कसा धरायचा, श्वास कसा रोखायचा, चूळ का भरायची, हे त्यांच्याकडून आणि माईंकडून करून घेतलं.

तीन महिन्यांनी पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर श्वास बाहेर पडण्याचा वेग) २२० वरून ३१० वर आला होता. संध्याकाळचा पंप मधूनमधून चुकतो, हे माईंनी सांगितलं, आबांनी नाही. माळ गळ्यात आहे, बिडी सुटलेली आहे. काढा घरात पुन्हा सुरू झालाय, जेष्ठमध वगळून. थिओफिलिनच नसल्याने मिरी-पिंपळीची हरकत घ्यायला कारण उरलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बिडी सोडताना कोणी डॉक्टर वाटेत नव्हता, हा पहिला मुद्दा. आपल्याकडे माणसं बिडी सोडतात ती माळ घालून, नवस बोलून, नातवाची शपथ घेऊन. दवाखान्यात येऊन क्वचितच. त्यामुळे थिओफिलिन लिहून देतानाच सांगून ठेवायला हवं: बिडी सोडा, जरूर सोडा, पण सोडलीत की आठवड्याच्या आत येऊन भेटा. हे वाक्य नीट उच्चारावं लागतं. 'बिडी सोडल्याने त्रास झाला' अशी बातमी गावात पोचली तर केवढं नुकसान! आबांच्या एका मित्राने खरंच म्हटलं होतं, एखादी ओढत जा, गोळी मानवेल. मात्रा कमी करायची ती गोळीची.

दुसरा मुद्दा दुकानाचा. दर महिन्याला थिओफिलिन नेणारं गिऱ्हाईक त्या दुकानदाराला चांगलं ठाऊक होतं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये हे तर आहेच. शेजारच्या खोक्यात ऑफ्लॉक्सासिनची गोळी असते, ती थिओफिलिनच्या वाटेत फारशी येत नाही. कोणत्या खोक्यात हात गेला यावर आबांचा आठवडा ठरला. हेच छातीच्या संसर्गात घडतं: एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन थिओफिलिन चढवतात, अॅझिथ्रोमायसिन सहसा नाही. जुनं अॅसिडिटीचं सिमेटिडिन चढवतं, गर्भनिरोधक गोळ्या थोडं चढवतात. उलट बाजूला टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपीन ते उतरवतात. ती औषधं बंद झाली की पातळी पुन्हा वर येते, तेव्हाही सावध राहावं लागतं.

तिसरा मुद्दा प्रश्नाचा. 'कोणती औषधं घेता?' याचं आबांच्या घरच्यांनी दिलेलं उत्तर त्यांच्या समजुतीप्रमाणे पूर्ण खरं होतं. चूर्ण औषध नाही, काढा औषध नाही, आणि सोडलेली बिडी तर औषध नाहीच. कोजागिरीला खिरीतून घेतलेलं दम्याचं औषध, कोणाकडून आणलेली बिननावाची पुडी, सोमलतेची पूड, हे याच प्रश्नातून निसटतं. सोमलतेत इफेड्रिन असतं, थिओफिलिनबरोबर ते धडधड आणखी वाढवतं. आमच्या केसपेपरवर आता दोन ओळी जादा आहेत: गेल्या महिन्यात काय नवीन सुरू झालं, आणि काय बंद झालं. दुसरी ओळ भरायला लोकांना वेळ लागतो, तेवढा द्यावा लागतो.

ज्यांचं थिओफिलिन चालू आहे आणि ज्यांनी नुकतीच बिडी, सिगारेट सोडली आहे, त्यांच्या बाबतीत आम्ही सध्या असं करतो: पहिल्या आठवड्यातच मात्रा पाव ते एक तृतीयांश कमी, साधारण आठ दिवसांनी पातळी, आणि मळमळ, थरथर किंवा झोपमोड सुरू झाली तर पुढची गोळी न घेता फोन. पुन्हा बिडी सुरू झाली तर तेही कळवायचं, न रागावता ऐकून घेतलं जाईल असं सांगून, कारण तेव्हा पातळी उतरते आणि दमा उसळतो.